वाटेचा नारळ

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्याच्या शेताच्या वाटेला अजून कुणी कुलूप लावलेलं नसतं, एवढंच माझं त्यावर म्हणणं आहे.

मी साधना, घोटावड्याची. पौडच्या कोर्टात वकिली करते आणि आठवड्यातून एकदा तालुका विधी सेवा समितीच्या टेबलाशी बसते. ज्याला वकील परवडत नाही त्याला तिथे सरकारी खर्चाने वकील मिळतो. बाई असेल तर तिचं उत्पन्न किती हेही विचारायचं नसतं. फुकटचा वकील म्हटलं की लोकांना वाटतं, रेशनच्या गव्हासारखा निवडून घ्यावा लागणार. असं कुणी तोंडावर बोललं की मला राग येतो, आणि मला राग यायला तसंही फार काही लागत नाही.

रंभाबाई नवरात्राच्या सुमारास आली ती पेन्शनसाठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. निराधारची पेन्शन बँकेत यायची, ती मधेच थांबली होती. खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, दुसरं काही नाही. तिच्याबरोबर तहसीलच्या खिडकीशी उभी राहिले, बँकेत गेले, अर्ज दिला आणि पेन्शन पुन्हा सुरू झाली. ते सांगायला ती मुद्दाम कोळवणच्या बाजूहून एसटीने पौडला आली. चहा प्यायली, आशीर्वाद दिला, उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली. माझ्या अनुभवात खरी केस नेहमी दारातच सुरू होते.

"आन् एक बारकं काम हुतं," ती म्हणाली. "वाटंला कुलूप लावलंय."

"कुणी? बसा आधी, मावशी."

ती बसली आणि तिने सांगितलं ते असं. तिचं भाताचं खाचर ओढ्याच्या कडेला. तिथे जायची वाट गेणबाच्या शेतातून, बांधाबांधाने. सासू त्याच वाटेने गेली, ती त्याच वाटेने गेली. गेणबा वारला, त्याच्या मुलांनी जमीन विकली. घेणारा दयानंद नावाचा इंजिनिअर, हिंजवडीत नोकरीला, मूळचा लातूरकडचा. त्याने घर बांधलं, भिंत घातली, वाटेच्या जागी गेट बसवलं. गेट उघडं असायचं, लावणीला सगळ्या बाया त्यातूनच गेल्या. मग गणपतीनंतर त्याची पाण्याची मोटार चोरीला गेली आणि त्याने गेटला कुलूप घातलं.

"दुसऱ्या बाजूनं नाही जाता येत?"

"ओढा हाय. एकटं माणूस उतरतंय कसंबसं. डोक्यावर भारा घिऊन कशी उतरू? आन् इंद्रायणीचं भात पिवळं पडाय लागलं."

तिचा मुलगा किशोर घोटावड्याच्या बाजूला एका कंपनीत कामाला आहे. त्याने दयानंदला फोन केला होता. दयानंद म्हणाला, नकाशात वाट दाखवा, लगेच उघडतो. आता मुळशीच्या बांधावरच्या वाटा नकाशात काढायच्या ठरवल्या तर कागद काळा होईल. त्या कुणी कधी लिहून ठेवल्याच नाहीत, कारण कुणी कधी अडवल्या नाहीत. किशोरनं हात टेकले आणि आईला म्हणाला, विकून टाकू. वाट नसलेल्या रानाला गिऱ्हाईक एकच असतं, ज्याच्या दारातून वाट जाते तो. भाव काय येईल हे सांगायला वकील लागत नाही.

"ह्या वरसाचं भात घरी आलं न्हाई तर तो ऐकायचा न्हाई," रंभाबाई म्हणाली. "रान गेलं तर मी दिसभर कुटं जाऊ?"

तिने ते अगदी साधेपणाने विचारलं. मी कागद पुढे ओढला.

वहिवाटीची वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदारांना आहे. इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, पण चालतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. कुलूप ताजं होतं, मुदत होती. अर्ज दाखल केला. नोटीस गेली. उत्तर पुण्याहून आलं, शैलेश नावाच्या वकिलाच्या सहीने, जाड कागदावर. त्यात म्हटलं होतं की सदर मिळकतीतून कोणतीही वाट कधीही अस्तित्वात नव्हती.

वाचून मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या वकिलाचा चहा सांडला. पण मनातून बरंही वाटलं. समोरचा साफ नाकारतो तेव्हा काम सोपं होतं, वाट होती एवढंच सिद्ध करायचं राहतं. तहसीलदारांनी जागेवर येऊन पाहणी करायची तारीख दिली. तोवर भात कापणीला आलेलं होतं आणि दिवाळीनंतरही आभाळ काही हटत नव्हतं.

साक्षीदार म्हणाल तर कुणी नाही. रंभाबाईच्या वाडीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी कुठल्या तरी फार्महाऊसवर माळी, नाहीतर वॉचमन. वाट होती हे सगळ्यांना ठाऊक, बोलायला कुणी तयार नाही. गेणबाची मुलं फोनच उचलेनात. जमीन विकताना त्यांनी वाटेचं नाव काढलं नव्हतं, आता कोणत्या तोंडानं काढतील. म्हणजे सगळी मदार रंभाबाईच्या बोलण्यावर. पाहणीच्या आधी मी तिला बोलावलं आणि म्हटलं, "साहेब विचारतील. वाट कशी वापरायचात ते मला सांगा."

"कशी म्हंजी? नारळ द्यायचा आन् जायचं."

माझं पेन थांबलं. "कसला नारळ?"

"वाटंचा. कापनीला पयल्यांदा जाताना ज्याच्या रानातनं वाट जाती त्याला नारळ द्यायचा. सासू द्यायची गेणबाच्या आईला. मी गेणबाला द्यायची. गेल्या साली ह्या नव्या ताईला दिला, हेमलताताईला." दयानंदच्या बायकोचं नाव घेताना तिचा चेहरा उजळला. "लई चांगली हाय ती. मला म्हनली, थांबा मावशी. आत गेली, करंडा आनला आन् मला कुकू लावलं."

तिने डोक्यावरचा पदर सावरला.

"मालक गेल्यापास्नं मला कुनी कुकू लावलं न्हवतं. तिला ठावं नसंल आसं वाटलं मला. म्हनलं, ताई, मला मालक न्हाईत. तर म्हनली, ठावं हाय मला."

हे ऐकून कुणाचंही मन हललं असतं. माझंही हललं. पण त्याच वेळी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि का ते तिला कसं समजावून सांगू ते सुचेना.

कायदा असा आहे. वाट हक्कानं वापरली तर ती तुमची वहिवाट. वाट विचारून वापरली तर ती समोरच्याची मेहेरबानी, आणि मेहेरबानी त्याच्या मर्जीची. आज आहे, उद्या नाही. आणि ही बाई दर वर्षी हातात नारळ घेऊन समोरच्याच्या दारात उभी राहत होती. पुण्याच्या वकिलाला हे कळलं असतं तर त्याने स्वतःच्या खर्चानं तो नारळ फोडला असता. आपल्याकडची माणसं चांगुलपणानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात तो असा.

मी तिला समजेल तसं सांगितलं. ती ऐकत होती, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"म्हंजी मान द्यायचा न्हाई का कुनाला?"

"द्या हो. पण साहेबांसमोर नारळाचं नाव काढू नका."

"इचारलं तर?"

"विचारलं तर खरं सांगायचं. खोटं बोला असं मी कधीच म्हणणार नाही. पण नारळाबद्दल कोण कशाला विचारेल? त्यांनी वाटच नव्हती म्हणून लिहून दिलंय."

ती बरं म्हणाली. मला वाटलं, पटलं.

पाहणीच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. मी स्कूटीने वाडीवर पोहोचले तेव्हा आजूबाजूच्या खाचरांत कापणीची घाई उडालेली होती. ज्यांचं कापून झालं होतं ते भारे उचलायला धावत होते. कापलेल्या भातावर पाऊस पडला की लोंबीतच दाणा उगवतो, मग ते ना माणसाला ना विकायला. रंभाबाईने पहाटे ओढ्यातून उतरून, वाडीतल्या बायांना हाताशी घेऊन, भात कापून ठेवलं होतं. कापलेलं भात पलीकडे आणि ती अलीकडे. हे तिने मला न विचारता केलं होतं. मी डोक्याला हात लावला.

"उभं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, मावशी? आज निकाल लागेलच असं नाही."

"पिकलं की कापायला पायजे," ती म्हणाली.

तहसीलदार आले, बरोबर तलाठी. शैलेश वकील पांढऱ्या गाडीतून उतरले, बुटाला चिखल लागू नये म्हणून गवतावरून चालत. दयानंद गेटच्या आत उभा होता. मला वाटलं होतं कुणी तरी मुजोर माणूस असेल. तसा नव्हता तो. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं, एका कानात इअरफोनचं बोंड. त्यानं मला नमस्कार केला तेव्हा माझा अर्धा राग वाया गेला, त्याचाही मला राग आला. हेमलता मागे घराच्या पायरीवर उभी होती, पंजाबी ड्रेस, खांद्यावर ओढणी.

तहसीलदारांनी अर्ज वाचला, उत्तर वाचलं आणि गेटातून आत पाहिलं. जिथे वाट होती म्हणत होतो तिथे आता हिरवळ लावलेली होती आणि मधून फरशा. वाट म्हणून दाखवायला काही उरलेलं नव्हतं.

"तुमचं म्हणणं काय?" त्यांनी दयानंदला विचारलं.

"इथं वाट नव्हती, साहेब," तो म्हणाला. म्हणताना त्यानं रंभाबाईकडे पाहिलं नाही.

शैलेश वकिलांनी नकाशा उघडला. नकाशात खरंच काही नव्हतं. तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, अर्जदार स्वतः चालून दाखवतील. वाट त्यांच्या पायाला माहीत आहे."

"चला," ते म्हणाले. दयानंदने कुलूप काढलं. गेट उघडलं.

रंभाबाई गेटाशी आली आणि थांबली. तिच्या काखेत एक कापडी पिशवी होती. सकाळपासून ती मी पाहत होते, मला वाटलं होतं भाकरी असेल. तिने पिशवीत हात घातला आणि नारळ बाहेर काढला.

मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "मावशी, ठेवा तो. आत्ता ठेवा."

"कापनीचं पयल्यांदा जातीय मी," ती म्हणाली, आणि माझ्यासारखं हळू बोलणं तिला जमत नाही. "पहाटं ओढ्यानं गेले ते चोरावानी गेले. आता वाटंनं जायचंय. मोकळ्या हातानं कशी जाऊ?"

आणि ती सरळ चालत गेली, तहसीलदारांच्या समोरून, दयानंदच्या बाजूने, पायरीपर्यंत. दोन्ही हातांनी तिने नारळ पुढे धरला. हेमलतानं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. पण हात तोवर पुढे झाले होते. तिने ओढणीत नारळ घेतला.

"थांबा मावशी," ती म्हणाली, "कुंकू आणते."

"हेमा," दयानंद म्हणाला.

ती थांबली.

"हे काय आहे?" तहसीलदारांनी विचारलं.

उत्तर हेमलतानं दिलं. "वाटेचा नारळ आहे, साहेब. मागच्या वर्षीही दिला होता यांनी. इथली पद्धत आहे."

वाट कधीही अस्तित्वात नव्हती असं लिहून देणाऱ्याच्या घरातूनच हे आलं. दयानंदने डोळे मिटले. मी आनंदानं तोंड उघडणार, एवढ्यात शैलेश वकील पुढे झाले. माणूस हुशार होता, हे मला मान्य करावं लागेल. इतक्या चटकन पवित्रा बदलणारा मी तरी पाहिला नव्हता.

"साहेब, याची नोंद घ्यावी," ते म्हणाले. "अर्जदार दर वर्षी मालकाच्या दारात येऊन नारळ देतात. म्हणजे परवानगी मागतात. आजही, आपल्यासमोर, परवानगी मागितली. माझ्या अशिलानं कधी शेजारधर्म म्हणून सोडलंही असेल. पण तो त्यांचा उपकार झाला. उपकारावर हक्क सांगता येत नाही."

मग ते दयानंदकडे वळले. "तो नारळ परत द्यायला सांगा."

दयानंदने आधी वकिलाकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "दे परत."

हेमलतानं ओढणीतून नारळ काढला आणि रंभाबाईच्या हातात ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता. रंभाबाई हातातल्या नारळाकडे पाहत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल. ती नुसती गोंधळली होती, लग्नघरात कुणी आहेर परत केला तर माणूस गोंधळतं तशी.

तहसीलदार माझ्याकडे वळले. "वकीलबाई, यावर तुमचं म्हणणं?"

म्हणणं काय असणार. जे झाकायला सांगितलं होतं ते भर दिवसा सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. मुळशी धरणाच्या बाजूला ढग काळे झाले होते आणि भिंतीपलीकडे कापलेलं भात पसरलेलं होतं. शैलेश वकील शांतपणे नकाशाची घडी घालत होते. त्यांच्या हिशेबी काम संपलं होतं.

आमच्या धंद्यात पहिला धडा असा देतात की आपल्या साक्षीदाराला असा प्रश्न कधी विचारू नये ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही. मी हा धडा ज्युनिअरांना दटावून शिकवते. पण माझ्यापुढे दुसरा प्रश्नच नव्हता. ती हो म्हणाली असती तर वाट गेली असती, रानही गेलं असतं, आणि ते माझ्याच प्रश्नानं गेलं असतं.

"मावशी," मी म्हटलं. "समोरच्यानं नारळ घेतलाच नाही तर? मग जायचं नसतं का?"

शैलेश वकिलांनी मान वर केली.

रंभाबाईने माझ्याकडे पाहिलं. काय वेड्यासारखं विचारता, असं त्या बघण्यात होतं.

"न जाऊन कसं चालंल? भात कोन आनंल?" ती म्हणाली. "गेणबानं एका साली न्हवता घेतला. बांधावरनं भांडान झालं हुतं. आमच्या ह्यांनी त्याची माती वडली म्हनं. म्या नारळ न्येला तर दार लावून घेतलं त्यानं. म्हनला, तुमचा नारळ नको मला."

"मग?" तहसीलदारांनीच विचारलं.

"मग काय. उंबऱ्यावर ठिवला आन् गेले. माझ्या मागं समद्या बाया गेल्या."

"त्यानं अडवलं नाही?"

"कशापायी अडवंल? वाट काय त्याची हुती व्हय?" तिला आता जरा रागच आला. "नारळ मानाचा असतोय, साहेब. त्याच्या रानातनं आपून जातो, त्याचं गवात तुडवलं जातंय, त्याला बरं वाटाय पायजे. वाट आमची ती आमचीच. सांच्याला त्यानंच नारळ फोडला आन् पोरासंगं खोबरं धाडलं. भांडान तितंच मिटलं."

तलाठी लिहायचा थांबला होता. तहसीलदार म्हणाले, "लिहा. जसं बोलल्या तसं लिहा."

शैलेश वकील काही बोलायला गेले, पण रंभाबाई वळली होती. हातातला नारळ तिने पुढे होऊन हेमलताच्या पायरीवर ठेवला, जसा तेव्हा गेणबाच्या उंबऱ्यावर ठेवला असेल. मग पदर खोचला आणि चालू लागली. हिरवळीवरून गेली, फरशा सोडून तिरकी झाली, एका आंब्याला वळसा घातला आणि मागच्या भिंतीपाशी नेमकी तिथे पोहोचली जिथे भिंतीच्या पायथ्याशी बांधाचे जुने, पायांनी गुळगुळीत झालेले दगड अजून तसेच होते. गवंड्याने ते उचलायचा आळस केला होता. तहसीलदार तिच्या मागोमाग गेले आणि त्या दगडांवर उभे राहून त्यांनी पलीकडच्या खाचराकडे पाहिलं. तिथे भिंतीत एक लाकडी झडप होती, माणूस जाईल एवढी, माळी ओढ्याचं पाणी आणायचा तिथून.

आदेश त्याच संध्याकाळी तोंडी झाला आणि दुसऱ्या दिवशी लेखी. वाट वहिवाटीची आहे, कुलूप काढावं, झडप उघडी ठेवावी, अडथळा करू नये. पाऊस त्या रात्री ताम्हिणीकडे कुठेतरी पडला. कोळवणच्या खोऱ्यात नुसता वारा आला.

मी खूश होते. खूश म्हणजे, घोटावड्यापर्यंत गाणं म्हणत गेले. पण शैलेश वकीलही काही झोपले नव्हते. आदेशाविरुद्ध त्यांनी वर प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला, आणि त्यात मुद्दा एकच, नारळ. माझं गाणं थांबलं. मी लगेच किशोरला फोन करून रंभाबाईला फोनवर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं. वरचा निकाल लागेपर्यंत त्या घराशी काही देणंघेणं नाही. नारळ द्यायचा नाही, काही घ्यायचं नाही, प्रसाद नाही, कुंकू नाही. त्यांनी एक फोटो काढला आणि अर्जाला जोडला तर पुन्हा परवानगीचं झेंगट गळ्यात पडेल.

"कुकू पन न्हाई?" ती म्हणाली.

"नाही, मावशी. आत्ता नाही."

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "तुमी म्हनता तसं."

भारे काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. गेट उघडतात की नाही ते बघायचं होतं. गेट उघडं होतं, पार भिंतीला टेकवलेलं. मागची झडपही उघडी होती. झडपेतून एकेक बाई भारा घेऊन वर येत होती. वाडीतल्या बाया, ज्या परवापर्यंत साक्ष द्यायला तयार नव्हत्या त्याच. वाळलेल्या भाताचा वास सगळ्या हिरवळीवर पसरला होता. सगळ्यांत पुढे रंभाबाई. डोक्यावर एवढा मोठा भारा की चेहरा निम्मा झाकलेला.

पायरीवर हेमलता उभी होती. आज तिने साडी नेसली होती. हातात ताट, ताटात करंडा, आणि फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्या. त्या दिवशी पायरीवर ठेवलेला नारळ तिने फोडला होता.

दयानंद तिच्या मागे दारात होता. मी सवयीनं त्याच्या हातातला फोन शोधला. हात मोकळे होते. कानातही काही नव्हतं. तो नुसता बघत होता, जसा गेणबा बघत असेल.

"मावशी," हेमलता म्हणाली. "खोबरं घ्या. आणि जरा मान खाली करा, कुंकू लावते."

रंभाबाई थांबली. भाऱ्याखालून तिचे डोळे ताटाकडे गेले, मग माझ्याकडे. मागच्या बायाही थांबल्या. मी काही बोलेन म्हणून ती वाट पाहत होती. एक शब्द पुरला असता, मान हलवली असती तरी पुरलं असतं. माझ्या डोक्यात प्रांताकडची तारीख होती, शैलेश वकिलांचा जाड कागद होता, आणि भिंतीपलीकडचं ते रान होतं, जे या ताटापायी जाऊ शकत होतं. मी मान हलवली नाही.

"वकीलबाई नको म्हनल्यात," रंभाबाई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

बाया एकामागून एक गेल्या. हेमलता ताट धरून तशीच उभी राहिली. मग तिने मला विचारलं. रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायला.

"खोबऱ्यानंही केस जाते का हो?"

"जाऊ शकते," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. त्या क्षणी मला माझ्या कायद्याची लाज वाटली, पण उत्तर बदलावंसं वाटलं नाही.

हेमलतानं करंड्याचं झाकण लावलं आणि ताट घेऊन आत गेली. दयानंदनं तिला जायला वाट दिली. मग तोही आत गेला.

रंभाबाई दुसऱ्या भाऱ्यासाठी परत आली तेव्हा पायरी रिकामी होती. पायरीकडे पाहत ती गेटाशी उभी राहिली, पदराच्या टोकानं तिने कपाळावरचा घाम पुसला, आणि गेट उघडं होतं म्हणून ती मोकळ्या हातानं आत गेली.